सुलेमानचा आपोआप ट्रक

पाटबंधारे खात्यातले हेडक्लार्क हरिश्चंद्र शेट्ये यांनी बावीस वर्षांच्या नोकरीत एकच खोटं लिहिलं, असं सांगितलं तर खात्यातलं कुणी विश्वास ठेवणार नाही. पण ते खरं आहे. आणि ते खोटंही त्यांनी सरकारी कागदावर लिहिलं नाही. स्वतःच्या पैशाने आणलेल्या, परदेशी पाठवायच्या निळ्या एरोग्रॅमवर, जेवणाच्या सुट्टीत, कचेरीचं पेन न वापरता लिहिलं: ‘चि. सुलेमान यास अनेक आशीर्वाद. तुझी गाडी उत्तम चालते आहे. चिंता नसावी.’

त्या वेळी गाडी अंगणात उभी होती आणि गेले चार दिवस ती तिथून हललेली नव्हती.

सुलेमान साखरकर म्हणजे हरिभाऊंचा गडग्यापलीकडचा, म्हणजे दगडी कुंपणापलीकडचा, शेजारी. आठ वर्षं आखातात होता. तिकडे तो भला मोठा ट्रेलर चालवतो हे रत्नागिरीच्या खालच्या आळीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. शहाऐंशी साली तो सुट्टीवर आला तेव्हा त्याच्यामागून मुंबई बंदरातून एक अमेरिकन ट्रक आला. म्हणजे आपला मालवाहू ट्रक नव्हे. पुढे तिघांना बसायला ऐसपैस बाक, मागे उघडा हौदा, स्टिअरिंग डाव्या हाताला, आणि मुख्य म्हणजे पायाखाली क्लच नाही! गिअर आपोआप पडतात. मुंबईच्या ड्रायव्हरने तो दारात आणून उभा केला तेव्हा सगळी आळी वाकून वाकून तिसरा पेडल शोधत होती. आळीतले रावजी तर बोनेटवर थाप मारून म्हणाले, ‘‘पेडल राहिला असंल बंदरात. क्लेम कर.’’

दुसऱ्याच दिवशी सुलेमानची सुट्टी संपली. जाताना त्याने किल्ली हरिभाऊंच्या हातात ठेवली. ‘‘हरीभाव, लोखंड बसला की गंजतंय. तुमी फिरवत ऱ्हावा. मी येईन तवा माजी मला द्या.’’ हरिभाऊंनी ती दोन्ही हातांनी घेतली. त्यांना कुणी स्वतःची सायकलसुद्धा इतक्या विश्वासाने दिली नव्हती. मुंबईचा ड्रायव्हर एक दिवस जास्त राहिला होता, त्याच्याकडून त्यांनी गाडी शिकून घेतली. क्लच नसल्यामुळे अडचण अशी काही नव्हतीच. पुढच्या सोमवारी पाटबंधारे खात्याचे हेडक्लार्क डबा मांडीवर ठेवून अमेरिकन ट्रकमधून कचेरीत आले, आणि शिपायाने सवयीने कार्यकारी अभियंत्यांना करतात तसा सलाम ठोकला. तो सलाम हरिभाऊंनी परत केला नाही.

गाडीची देखभाल बाबल्याकडे होती. बाबल्या हा हरिभाऊंच्या पत्नी विमलाबाईंचा मामेभाऊ. पूर्वी एका ट्रकवर क्लीनर होता आणि त्या पुण्याईवर मोटारीतलं आपल्याला सगळं कळतं असं तो मानत असे. त्याचा वार शनिवार. शनिवारी मारुतीला तेल घालायला जायचंच असतं, तर हात तेलकट व्हायचेच, तेव्हा त्याच हाताने गाडीचंही बघून टाकायचं. सकाळी सातला तो बोनेट उघडे, तेल मोजायची एकेक काठी काढून फडक्याला पुसे, परत घाली, परत काढी, आणि खिडकीकडे तोंड करून ओरडे, ‘‘भावजी, पाणी फुल, त्याल फुल, गिअरचा त्याल पण फुल!’’ हरिभाऊ आतून ‘‘बरं’’ म्हणत. दीड वर्ष असं चालू होतं.

मग एका रविवारी साहेबांच्या बदलीचं सामान ट्रकमध्ये चढलं. हरिभाऊंना कुणी गळ घातली नव्हती. त्यांनी आपण होऊन गाडी देऊ केली होती. हौद्यात लोखंडी कपाट, फ्रिज, दोन गाद्या. पुढच्या बाकावर साहेबांच्या सासूबाई, मांडीवर देवांची पेटी घेऊन. जयस्तंभापासून मारुती मंदिराकडचा चढ अर्धा चढून झाला आणि इंजिनाने एकदम टाहो फोडला. हरिभाऊंनी पाय आणखी दाबला. आवाज वाढला. गाडी मात्र तिथेच. आणि मग ती अगदी सावकाश, कुणाचा अपमान करायचा नाही अशा बेताने, मागे जाऊ लागली. ब्रेक लागला म्हणून बरं. पानवाल्याने चाकामागे दगड घातले, हमालांनी कपाट उतरवलं. सासूबाई खाली उतरून देवांच्या पेटीसकट हातगाडीवर बसल्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या, ‘‘तुमच्या खात्याची धरणंही अशीच का हो?’’

हा घाव हरिभाऊंना आजन्म पुरला असता. पण गाडीपुढे त्याचं दुःख करायलाही सवड मिळाली नाही. कारण त्याच आठवड्यात सुलेमानचं पत्र आलं. धाकट्या मुलीचं, हफीजाचं, लग्न ठरलं होतं, मुलगा राजापूरचा. येत्या मे महिन्यात मी येतो, गाडी कशी आहे? त्याला सुलेमानच्या बायकोने, फातिमाने, गडग्यावरून पुरवणी जोडली: ‘‘भाईसाब, हफीजाला ह्याच गाडीत बसवून न्यायची. तिचा बाप सोता चालवीत नेनार. राजापुरात सांगून बसलोय आम्ही.’’ हे ऐकल्यावर हरिभाऊ कचेरीत गेले आणि तो निळा एरोग्रॅम लिहिला. पोस्टाच्या पेटीत टाकून वळले तेव्हा त्यांच्या कानशिलातून घाम गळत होता.

आता प्रश्न एकच होता. गिअरबॉक्सची दुरुस्ती करायची की तो सगळा सोडवून नव्याने बांधायचा?

यावर आळीत दोन तट पडले. एका तटाचे पुढारी रावजी. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फोरमन. त्यांचं म्हणणं, परक्याची वस्तू, उघडायची नाही. ‘‘ह्याच्यात एक पट्टा असतोय. तो सैल झाला की घसरतंय. भायेरून बोल्ट आवळला की झाला. मी एस.टी.ला अठ्ठावीस वर्षं आवळलो.’’ दुसऱ्या तटाचा फारुक. मिरकरवाड्याला मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करणारा हा माणूस एरवी कमी बोलायचा, पण अर्धवट काम म्हटलं की भडकायचा. ‘‘आवळताय काय? आतल्या पलेटी घसरल्यात. पुरा खोलायचा, पलेट न पलेट धुवायची, झिजलेल्या टाकायच्या, मुंबैवरून नवीन आनायच्या, मग बांधायचा. नायतर चार दिवसांनी परत मला बोलवाल, मी येनार नाय.’’ हरिभाऊंनी त्याला विचारलं की पुन्हा बांधताना एखादा नट उरला तर? फारुकने चपला पायात घातल्या.

निर्णय घ्यायची हरिभाऊंची स्वतःची एक पद्धत होती. त्यांनी फाईल उघडली. लाल फितीची, घरची. वर लिहिलं, ‘विषय: गिअरबॉक्स. दुरुस्ती की पुनर्बांधणी.’ डावीकडे रावजींचं म्हणणं, उजवीकडे फारुकचं, खाली टिप्पणी: ‘दोन्ही मते विचारात घेता दोन्ही योग्य वाटतात. सबब अधिक माहिती मागवावी.’ विमलाबाईंनी ती फाईल वाचली आणि तिच्यावर भाजी निवडायला घेतली. ‘‘कचेरीत तुम्ही धरण सात वर्षं असंच अडवलंत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इथे सुलेमान बावीस दिवसांत येतोय.’’

मग रावजींनी तिसरी वाट काढली. आपोआप गिअर काढूनच टाका, साधा हातगिअर बसवा, क्लचसकट. हरिभाऊंना ही कल्पना आवडली, कारण तिच्यात कुणाचाच पक्ष घ्यावा लागत नव्हता. ते आर.टी.ओ.त गेले. तिथला कारकून पान जुळवत होता. ‘‘गाडीत बदल? मग पुस्तकात नोंद हवी. नोंदीला मालकाची सही हवी.’’

‘‘मालक परदेशात आहे.’’

‘‘मग त्याला पत्र टाका.’’

‘‘पत्र टाकता येत नाही.’’

‘‘का?’’

हरिभाऊ गाडीचं पुस्तक पिशवीत घालू लागले. ‘‘मग सोमवारी या,’’ कारकून म्हणाला. हे वाक्य हरिभाऊंनी स्वतः किमान दहा हजार वेळा उच्चारलं होतं. समोरून ऐकताना ते कसं लागतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. बाहेर येऊन त्यांनी झाडाखाली पाच मिनिटं काढली, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत नाचणे गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्याचा कागद त्यांनी उभ्याउभ्या सही करून दिला. म्हातारा घाबरला. काहीतरी चुकलं असणार म्हणून तो दोनदा परत विचारायला आला.

दिवस सरत होते. रावजींनी बाहेरचा बोल्ट सापडेपर्यंत शोधला आणि सापडल्यावर आवळला. गाडी अंगणातून फाटकापर्यंत गेली, तिथे दम सोडून उभी राहिली. त्यांनी आणखी आवळला. आता ती मागेही जाईना. रावजींना वाईट वाटलं. ते म्हणाले, ‘‘एस.टी. अशी नव्हती,’’ आणि घरी गेले. फातिमा रोज गडग्यावरून विचारी, ‘‘भाईसाब, गाडी धुवून ठेवताय ना?’’ हरिभाऊ रोज धूत. धुतल्यावर ती फार सुरेख दिसायची. पुसता पुसता त्यांच्या मनात येई: आपण इतकी वर्षं कुणाची पै खाल्ली नाही, आणि आता ह्या पोरीच्या पाठवणीला आपल्यामुळे तिचा बाप राजापूरकरांपुढे मान खाली घालून उभा राहणार.

सुलेमान यायला सहा दिवस राहिले तेव्हा त्यांनी फाईलवर शेवटची टिप्पणी लिहिली: ‘पुनर्बांधणी करावी.’ सही केली. तारीख घातली. आणि फारुकला निरोप धाडला.

शनिवारी सकाळी फारुक हत्यारांची पेटी घेऊन आला. ट्रक चिऱ्यांवर चढवला. आळी गडग्यावर बसली होती. पलीकडे फातिमाने विचारलं तेव्हा हरिभाऊ म्हणाले, ‘‘खालून धुतोय.’’ म्हणजे बघा, एकदा खोट्याची वाट पडली की माणूस किती भराभर चालतो. फारुक गाडीखाली सरकला, पाना लावला, आणि तेवढ्यात शेजारच्या सगुणाकाकू आल्या. सत्तरीच्या, जाडजूड, चार महिन्यांपूर्वीपर्यंत काठीशिवाय न दिसणाऱ्या. आता काठी नव्हती. हातात खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती.

‘‘बाबल्या,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आज शनवार ना रे? त्याल काढलंस का नाय अजून? माजी संपली.’’

बाबल्या एकदम मारुतीच्या देवळाकडे बघू लागला.

‘‘कसलं तेल?’’ हरिभाऊंनी विचारलं.

‘‘फॉरेनचा लाल त्याल वो. गुडघ्याला चोळायचा. मी चढ चढून मारुतीला जातंय आता. कुळकर्णीबाईंचा खांदा सुटला, पोस्टातल्या शिरोडकराची कंबर सुटली. बाबल्या देतंय सगळ्यांना. पैसा घेत नाय हां, पोर चांगला हाय.’’

फारुक गाडीखालून पायांच्या बाजूने बाहेर आला. उठून बसला. त्याचा आवाज फार शांत होता, आणि त्याला ओळखणारे दोघेजण गडग्यावरून खाली उतरले. ‘‘बाबल्या, त्याल कुठून काढतोस?’’

‘‘गिअरच्या काठीच्या नळीतून,’’ बाबल्या म्हणाला. ‘‘रबरी नळी घालून ओढतंय, रॉकेल काढतात तसा. मी काय चोरी केलंय? काठीवर खूण असती. त्याच्यावर त्याल दिसला की जास्ती झाला. जास्ती ठेवला तर बिघडंल ना? म्हणून खुणेपर्यंत उपसतंय. पुढच्या शनवारी परत वर आलेला असतंय! दीड वर्ष झाला, ही गाडी आपोआप त्याल देते, भावजी. गायीसारखी.’’

‘‘इंजिन बंद असताना बघतोस?’’

‘‘मग काय चालू ठेवून बघू? कुठल्या गाडीचा त्याल चालू इंजिनात बघतात?’’

फारुकने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ‘‘अल्ला! अरे, इंजिन बंद झाला की ह्याच्यातला त्याल उतरून खाली डब्यात साचतोय. काठी वरच दाखवनार! चालू केला की तो सगळा आत ओढला जातोय, तवाच खरा माप. ह्या डब्यात त्यालच गिअर ढकलतो, समजलास? लाँचीवरचा पंप असतोय तसा. मी ह्याला तीन वेळा विचारलो, त्याल बघितलास? हा बोलतोय, फुल!’’

ट्रक चिऱ्यांवरून उतरवला. हरिभाऊंनी इंजिन सुरू केलं. ते पाच मिनिटं तापू दिलं. मग फारुकने काठी काढली, पुसली, घातली, परत काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. काठी कोरडी होती. टोकाला एक लाल थेंब तेवढा.

पुढच्या तासाभरात आळीतून अकरा बाटल्या परत आल्या. कुणी न सांगता, आपण होऊन आणून दिल्या, ही आमच्या लोकांची माणुसकी. पण एकीत कापूर होता, दुसरीत लसूण, सगुणाकाकूंच्यात निरगुडीचा पाला. फारुकने एकेकीचा वास घेतला आणि ओळीने गडग्यावर मांडून ठेवल्या. ‘‘हे गुडघ्यालाच असू दे,’’ तो म्हणाला. ‘‘नवीन पायजे. लाल, हाच. पलेटी जळल्या नसतील तर निस्ता त्याल भरून भागंल. जळल्या असतील तर मग मी काय करू शकत नाय, सुलेमान यायचा गुरुवार मुंबैपेक्षा जवळ हाय.’’

लाल तेल. हरिभाऊंना वाटलं हे कुठेतरी वाचलंय. वाचलं कसलं, दरवर्षी तेच मंजूर करत होते! धरणावरच्या लोडरसाठी येणारं बिल: ‘ट्रान्समिशन ऑईल, लाल, पाच लिटरचे डबे.’ पाच वर्षं त्यांनी त्या बिलावर सह्या केल्या होत्या आणि हे खातं एवढं लाल तेल कशाला पितं, असा शेराही मारला होता. खात्याच्या गोदामातून एक डबा उचलणं हाताच्या अंतरावर होतं. त्यांनी तो विचार मनात येऊ दिला, आणि मग जाऊही दिला. बिलावरचा कोल्हापूरच्या दुकानदाराचा फोन नंबर मात्र उतरवून घेतला. ट्रंककॉल लावला, तो लागायला सहा तास गेले. मंगळवारी डबा एस.टी.ने आला. जकात नाक्यावरच्या माणसाने डबा हलवून विचारलं, ‘‘हे काय आहे?’’ मागे उभ्या असलेल्या सगुणाकाकू म्हणाल्या, ‘‘औषध.’’ त्याने औषध म्हणून सोडला.

तेल भरलं. रावजींनी आवळलेला बोल्ट रावजींकडूनच सैल करून घेतला. फारुकने इंजिन चालू ठेवून काठी तीनदा पाहिली. मग हरिभाऊ बसले, शेजारी फारुक, हौद्यात आळी. जयस्तंभापाशी हरिभाऊंनी डोळे मिटले, ते फारुकने त्यांना उघडायला लावले. चढ सुरू झाला. पानवाला दगड हातात घेऊन उभाच होता. इंजिनाने आवाज चढवला नाही, टाहो फोडला नाही, गाडी हूं म्हणून सरळ मारुती मंदिरापर्यंत गेली, आणि तिथे थांबल्यावर हरिभाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून चक्क रडले. इतकं हलकं त्यांना मुलीच्या मॅट्रिकच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

पण खोटं अजून उरलं होतं. ते काही कोल्हापूरच्या तेलाने भरून निघणार नव्हतं.

गुरुवारी दुपारी सुलेमान आला. थोडा सुटला होता, केस पिकले होते. संध्याकाळी सगळी आळी अंगणात. ‘‘सुलेमान, एक राऊंड होऊ दे! राजापूरची तालीम!’’ फातिमा दारात, मागे ओढणीआडून हफीजा हसतेय. हरिभाऊंनी किल्ली दिली. सुलेमान डाव्या बाजूने चढून स्टिअरिंगपाशी बसला आणि म्हणाला, ‘‘हरीभाव, तुमी पन या.’’ दारं बंद झाली, काचा वर झाल्या.

आता नाही तर कधीच नाही, असं हरिभाऊंना वाटलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. एरोग्रॅम, सासूबाई, दीड वर्षाचं तेल, आळीचे गुडघे. ‘‘तुझी गाडी मी जवळजवळ मारली होती. आणि तुला लिहिलं, उत्तम आहे. तू मला काय म्हणशील ते म्हण.’’

सुलेमान दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. बाहेर पोरं टाळ्या पिटत होती. गेली ही मैत्री, असं हरिभाऊंनी मनात धरलं.

‘‘हरीभाव,’’ शेवटी तो पुटपुटला, ‘‘तुमी एक पत्र लिवलात. मी आठ वर्षं लिवतोय. कसला ट्रेलर नि कसला काय. मी तिकडं भात शिजवतो. साडेतीनशे मानसांचा. कंपनीनं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तशी ही घेतली, म्हटला घरच्यांना दाखवायला. मला साधी रिक्षा येत नाय चालवायला. म्हणून तर तुमच्याकडे दिलो.’’ त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले. ‘‘आनि आता रविवारी हफीजाला मी नेनार, असा राजापुरात सांगून झालाय. काय करू?’’

हरिभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. मग दार उघडलं, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘सरक तिकडे! हे काय चाललंय? लेकीच्या पाठवणीला बाप कधी गाडी चालवतो काय? मी सांगतोय, रविवारी स्टिअरिंगवर मी बसणार. हा तिकडे रात्रंदिवस तेच करतो, चार दिवस हात मोकळे राहू दे त्याचे. बाप त्या दिवशी लेकीशेजारी बसेल.’’

मग फातिमाने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. ‘‘खरा बोलतायत भाईसाब,’’ ती म्हणाली. रावजींनी सुद्धा विरोध केला नाही.

सुलेमान सरकला. हरिभाऊ बसले. त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. ट्रक फाटकाबाहेर पडला, चढाला लागला, सुलेमानने खिडकीतून हात काढून दोन्ही बाजूंना सलाम केले. जयस्तंभ मागे पडल्यावर त्याने हात आत घेतला आणि गिअरच्या दांड्याजवळच्या अक्षरांकडे वाकून बघितलं.

‘‘हरीभाव, ह्यो डी म्हंजे काय?’’

‘‘पुढे,’’ हरिभाऊ म्हणाले.